चारच्या चहालाच लाइट का जाते?

दोस्तांनो, दात ठणकतो म्हणून रडतरडत दवाखान्यात जावं आणि डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्याबरोबर तो दुखायचा थांबावा, असं तुमच्यापैकी किती जणांचं झालंय? डॉक्टर विचारतात, "कुठे दुखतंय?" आणि आपण जीभ फिरवून फिरवून शोधत राहतो. घरातल्या विजेलाही अगदी असंच एक दुखणं होतं. लाइट जाते, येते, पुन्हा जाते. वायरमनला बोलवावं, तर त्याच्यासमोर सगळे दिवे शहाण्या मुलांसारखे पेटलेले! तो टेस्टर खिशात घालतो, चहा पितो आणि जातो. त्याची गाडी कोपऱ्यावर वळते न वळते तोच पंखा बंद!

वायर कायमची तुटली, तर ती शोधणं सोपं असतं, कारण ती तुटलेलीच राहते. पण अधूनमधून येणारा बिघाड म्हणजे अट्टल चोर. तो घरात असेल तेव्हाच सापडायचा. अशाच एका चोराची गोष्ट आज तुम्हांला सांगतो. तो पकडला माझ्या सातवीतल्या भाचीनं. आणि त्यासाठी तिनं काय वापरलं ठाऊक आहे? जुन्या वहीची मागची कोरी पानं!

गोष्ट रत्नागिरीची, २०२२ सालच्या मार्च महिन्यातली. माझी ताई तिथे एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. घर पश्चिमेकडे तोंड करून, बाल्कनीतून समुद्र दिसतो. घरात ताई, भावजी, माझी भाची आणि तिचे आजोबा. आजोबांचं वय ७८, गुडघे कुरकुरणारे. एकदा गॅसवर दूध ठेवून ते पेपरात असे रंगले की पातेलं काळं ठिक्कर पडलं. तेव्हापासून ताईनं त्यांना गॅसला हात लावायची बंदी केली आणि विजेची किटली आणून दिली. दुपारी घरात ते एकटेच. चार वाजले की किटलीत पाणी ओतायचं, बटण दाबायचं आणि आपल्या हातानं आपला चहा करायचा. कुणाला हाक मारावी लागत नाही, याचं त्यांना भारी अप्रूप!

त्या वर्षी फेब्रुवारी संपता संपता या चहात विघ्न यायला लागलं. किटली लावावी आणि खट्! दाराजवळच्या बोर्डातला एक खटका आपोआप खाली पडायचा. पंखा बंद, टीव्ही बंद, किटली गार. रोज नाही हं. दोन दिवस काही नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा खट्. खटका वर केला की सगळं पूर्ववत. पण खटका उंचावर. एक दिवस भाची शाळेतून लवकर आली, तर आजोबा डुगडुगत्या स्टुलावर उभे, एक हात भिंतीला आणि दुसरा बोर्डाकडे! ताईला हे कळलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

एका मिस्त्रीला बोलावलं. तो दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा सकाळी. सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मग म्हणाला, "बाई, तुमचा हा खटकाच फार नाजूक आहे. काढून टाकू या. डायरेक्ट करून देतो, कटकट मिटेल." ताईला ते पटलं. सासरे स्टुलावरून पडण्यापेक्षा खटका नसलेला बरा, असा तिचा हिशेब. रात्री सहज फोनवर तिनं मला हे सांगितलं आणि मी जागचा उठलोच. म्हटलं, "ताई, काहीही कर, पण तेवढं करू नकोस!"

का म्हणालो मी असं? तो खटका म्हणजे काय, ते आधी पाहू. त्याचं नाव आरसीसीबी. बरीच माणसं त्याला अजून ईएलसीबी या जुन्या नावानंच ओळखतात. शाळेची सहल निघते तेव्हा बाई बसमधून उतरताना मुलं मोजतात आणि परत चढताना पुन्हा मोजतात. बेचाळीस उतरली आणि एकेचाळीसच चढली, तर बस हलत नाही. हा खटकाही तेच करतो. वीज घरात फेजच्या वायरीनं येते आणि काम करून न्यूट्रलच्या वायरीनं परत जाते. या दोन्ही वायरींमधली वीज खटक्याच्या आतल्या लोखंडी कड्यातून जाते. जेवढी आली तेवढीच परत गेली, तर दोघींचा चुंबकी परिणाम एकमेकींना पुसून टाकतो. पण थोडी वीज मध्येच वाट चुकून जमिनीकडे गेली, तर हिशेब जुळत नाही. कड्यावर गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेत जोर येतो आणि खट्!

किती फरक पडला तर? घरांत लावतात त्या खटक्यावर ३० मिलिअँपिअर असं लिहिलेलं असतं. एक अँपिअरचे हजार भाग केले, तर त्यांतले तीस. एवढा फरक दिसला की सेकंदाचा तिसरा हिस्सा संपायच्या आत तो वीज तोडतो. इतकी घाई कशासाठी? कारण वाट चुकलेली ती वीज कदाचित एखाद्या माणसाच्या अंगातून जमिनीकडे जात असेल! त्याहून जास्त वीज थोडा वेळ जरी छातीतून गेली, तरी हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आता कळलं ना मी का उठलो ते? खटका काढणं म्हणजे मुलं मोजणाऱ्या बाईंनाच सहलीला न नेणं.

पण बाईंची एक अडचण असते. एक मूल कमी आहे एवढं मोजणीवरून कळतं, ते कुठे राहिलं हे कळत नाही. खटक्याचंही तसंच. वीज कुठेतरी गळतेय एवढं तो सांगतो. कुठे, ते आपण शोधायचं.

मी भाचीला फोनवर घेतलं. म्हटलं, "एक वही कर. खटका पडला की लिहायचं. तारीख, घड्याळातली नेमकी वेळ, घरात काय काय चालू होतं, कोण काय करत होतं आणि बाहेर हवा कशी होती."

"मामा, हवा कशाला?"

"ते मलाही माहीत नाही. पण लिही."

आजोबांना सक्त ताकीद दिली की स्टुलावर चढायचं नाही. खटका पडला तर भाची शाळेतून येईपर्यंत तो पडलेलाच राहील. चहा थांबेल. तोवर त्यांनी फक्त वहीत नोंद करायची. आजोबा खट्टू झाले, पण कामाला लागले. त्यांचं वळणदार अक्षर आणि भाचीचं किरटं अक्षर, दोन्ही त्या वहीत एकाखाली एक आहेत.

पहिला संशय अर्थातच किटलीवर. पहिल्या तीन नोंदींत किटलीच होती. तिला कपाटात बंद करून ठेवलं. एक दिवस गेला, दोन गेले. खटका पडला नाही. भाचीनं विजयी फोन केला, "मामा, चोर सापडला!" मी म्हटलं, अजून थांब. अगं, जो बिघाड दोन-तीन दिवसांआड येतो, तो दोन दिवस आला नाही म्हणून काय सिद्ध होतं? काही नाही. आणि तसंच झालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वीसला भावजी शर्टाला इस्त्री करत होते आणि खट्! किटली निर्दोष सुटली. मग इस्त्रीवर संशय आला. तर पुढच्या वेळी इस्त्री थंड होती आणि पुन्हा किटली चालू.

१९ दिवसांत ९ नोंदी झाल्या. रविवारी भाचीनं त्या मला फोनवर वाचून दाखवल्या. वाचता वाचता ती मध्येच थांबली. "मामा, यातल्या आठ वेळा दुपारी साडेतीन ते संध्याकाळी साडेसहामधल्या आहेत. आणि हवेच्या रकान्यात आठही वेळा वारा लिहिलंय. आजोबांनी एकदा लिहिलंय, पेपर उडाला. एकदा, पडदा तोंडावर आला."

मग तिला भूगोलाचं पुस्तक आठवलं. तुम्हांलाही आठवतंय का? खारे वारे आणि मतलई वारे! दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून हवा येते. हे खारे वारे. किनाऱ्यावर दुपारनंतर त्यांना चांगला जोर असतो. रात्री उलटं होतं, आणि सकाळी सारं बरंच शांत असतं. आता मिस्त्री दोन्ही वेळा कधी आला होता? सकाळी! चोर संध्याकाळी फिरायला निघणारा आणि शिपाई सकाळी गस्त घालणारा.

पण वाऱ्याचा आणि विजेचा संबंध काय? वारा वायरीत शिरत नाही. वारा काहीतरी हलवतो. काय हलवत असेल? इथे आम्ही अडलो. मग मी विचारलं, "नववी नोंद कोणती गं? आठांत न बसणारी?"

"ती सोडून दे मामा. ती सकाळी सात दहाची आहे. तेव्हा वारा नव्हता. गीझर चालू होता, आजोबांच्या आंघोळीचा. आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होती."

ती सोडून दे म्हणे! अहो, नियमात न बसणारी नोंदच तर खरी कामाची असते. दुपारी वारा जे हलवतो, तेच त्या सकाळी ताईनं हलवलं असणार. बाल्कनीत, कपडे वाळत घालताना. भाची फोन हातात घेऊन बाल्कनीत गेली आणि ओरडलीच, "दिवा! टांगलेला दिवा! दोरीवर चादर टाकली की तिचं टोक दिव्याला लागतं!" आणि लगेच हिरमुसून म्हणाली, "पण मामा, तो नसणार. त्याचा बल्ब दिवाळीत उडालाय. तेव्हापासून त्याचं बटण कुणी दाबलेलंच नाही."

इथेच बहुतेक माणसं फसतात, बरं का. बंद दिवा काय बिघडवणार, असं आपल्याला वाटतं. पण भिंतीवरचं साधं बटण फक्त एकच वायर तोडतं, फेजची. तशीच तोडायला हवी. दुसरी, न्यूट्रलची वायर, बटण चालू असो की बंद, कायम जोडलेलीच असते. म्हणजे दिवा विझलेला असला, तरी त्याचा अर्धा संसार चालूच असतो!

मग माझ्या ओळखीच्या एका जुन्या, अनुभवी वायरमनकाकांना ताईकडे पाठवलं. त्यांनी आधी काय केलं सांगू? वही मागितली. चष्मा लावून सगळ्या नोंदी वाचल्या. मग बोर्डातला मेन स्विच आणि तो खटका, दोन्ही खाली पाडले. किटली, फ्रिज, टीव्ही, साऱ्यांच्या पिना काढल्या. घरात विजेचा थेंब नाही, याची खात्री केली. मग त्यांचा मीटर घरातली न्यूट्रल आणि अर्थिंगची हिरवी वायर यांच्यामध्ये लावला. या दोघी कुठेही एकमेकींना चिकटलेल्या असल्या, की मीटर पीं करून ओरडतो. मीटर गप्प. भाचीला मीटरजवळ बसवलं आणि म्हणाले, "बाळा, कान देऊन ऐक. वाजला की सांग." आणि एक लाकडी काठी घेऊन ते घरभर फिरले. या होल्डरला टिचकी, त्या डबीला टिचकी. सगळीकडे शांतता. बाल्कनीत जाऊन त्यांनी तो दिवा काठीनं हळूच ढकलला.

पीं! सोडला. गप्प. ढकलला. पीं!

भाची सांगते, तिनं तेव्हा अशी काही किंकाळी फोडली की खालच्या मजल्यावरचे लोक धावत वर आले.

दिवा उतरवला. तो एका लोखंडी नळीला टांगलेला होता. खाऱ्या हवेनं नळीचं तोंड गंजून करवतीसारखं झालेलं. दिवा वाऱ्यानं हलायचा, आत वायर त्या दातऱ्या कडेवर घासायची. काळ्या न्यूट्रल वायरीचं प्लॅस्टिक झिजून तिळाएवढं तांबं उघडं पडलं होतं. दिवा एका बाजूला झुकला, की ते तांबं नळीला टेकायचं. नळीला अर्थिंगची वायर जोडलेली. झालं, न्यूट्रलमधली थोडी वीज तिथून जमिनीच्या वाटेला लागायची आणि खटक्याचा हिशेब चुकायचा.

आता तुमच्यातला एखादा चौकस मुलगा विचारेल, की मग किटली, इस्त्री, गीझर यांचा काय संबंध? वारा आला की खटका पडायला हवा. छान प्रश्न! कोकणात कौलारू घराच्या पावळीला पन्हळ असते, ती आठवा. समजा, पन्हळीला जरा वरच्या अंगाला भोक पडलंय. पाऊस रिमझिम असला, की पाणी तळातून वाहून जातं, भोकातून थेंबही गळत नाही. मुसळधार आला की पन्हळ भरते आणि भोकातून धार लागते. न्यूट्रलचंही तसंच. दोन दिवे आणि एक पंखा म्हणजे रिमझिम. किटली १५०० वॅटची, आपल्याकडचा दाब २३० व्होल्ट, म्हणजे साडेसहा अँपिअर. हा मुसळधार पाऊस! एवढी वीज परत जाताना न्यूट्रलवरचा दाब जमिनीपेक्षा किंचित, एखाद-दुसऱ्या व्होल्टानं वर चढतो. गळतीला तेवढं पुरतं. म्हणून वारा हवा आणि मोठं काहीतरी चालूही हवं. दोन्ही जुळून यायचं ते नेमकं आजोबांच्या चहाला!

आणि टेस्टरला हे का कळलं नाही? कारण टेस्टर फेजला पेटतो. न्यूट्रलला लावला तर तो मख्ख.

वायरमनकाकांनी मला नंतर एक गोष्ट सांगितली, ती मात्र ऐकून अंगावर काटा आला. काळ्या वायरीशेजारच्या लाल वायरीवरही तसाच चरा उमटलेला होता. अजून तांबं दिसत नव्हतं इतकंच. लाल म्हणजे फेज. आणि नळीला लावलेली हिरवी वायर गंजून दोन-चार तारांवर उरली होती. ती तुटली असती, उन्हाळ्यात कुणी नवा बल्ब लावून बटण दाबलं असतं आणि लाल वायर नळीला टेकली असती, तर? नळीत २३० व्होल्ट, खाली ओले कपडे हातात घेतलेली ताई, आणि तो नाजूक खटका डायरेक्ट केलेला.

या चोराचे दोन भाऊही आहेत. पहिला म्हणजे सैल पेच. प्लगच्या किंवा बटणाच्या मागे वायर पेचाखाली नीट आवळलेली नसली, की तिथे वाट अरुंद होते आणि तापते. पाव ओहमचा अडथळा आणि १० अँपिअर वीज, म्हणजे २५ वॅट उष्णता. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची शिसं वितळवायची डाखणी असते ना, तीही बहुधा २५ वॅटचीच! तेवढी उष्णता सुपारीएवढ्या जागेत, तीही भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत. तापलं की धातू प्रसरण पावतो, गार झाला की आकसतो, पेच आणखी सैल होतो. म्हणून दिवा पिचपिचतो, मग आपोआप बरा होतो. बरा झालेला नसतो हं तो. बोर्डाजवळ चरचर ऐकू आली, बटण गरम लागलं, किंवा जळक्या माशासारखा वास आला आणि स्वयंपाकघरात मासे नसले, तर लगेच मोठ्यांना सांगा.

दुसरा भाऊ सगळ्या इमारतीचा वैरी. मोठ्या इमारतीत तीन फेज येतात, काही घरं एकीवर, काही दुसरीवर, आणि परतीची न्यूट्रल मात्र सगळ्यांची मिळून एक. ती खाली मीटरच्या खोलीत सैल झाली, की विचित्र प्रकार सुरू होतो. तुमच्याकडे दिवे एकदम लख्ख आणि शेजारी मिणमिणते! शेजाऱ्यांनी मिक्सर लावला की तुमचा फ्रिज घरघरतो. दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. ते घराघरांत असमान वाटले जातात आणि ज्याच्या वाट्याला जास्त येतात, त्याचा टीव्ही जळतो. असं दिसलं तर गंमत बघत बसायचं नाही. मोठ्यांना सांगून घराचा मेन स्विच बंद करायला लावायचा, शेजारच्यांना हाका मारायच्या आणि वीज कंपनीच्या कार्यालयाला फोन करायचा.

आणि हो, बोर्ड उघडणं, वायरीला हात लावणं हे तुमचं काम नाही. तुमचं काम नाक, कान आणि वही. भाचीनंही एका वायरीला हात लावला नव्हता.

ताईनं बाल्कनीत आता भिंतीला घट्ट बसवलेला, प्लॅस्टिकच्या झाकणाचा दिवा लावून घेतलाय. बोर्डही खाली, आजोबांच्या हाताच्या उंचीवर आणलाय. भाचीनं त्यानंतर महिनाभर वही चालू ठेवली. मीच तसं सांगितलं होतं, दोन दिवसांच्या शांततेवर विश्वास ठेवायचा नाही म्हणून. त्या पानांवर रोज एकच ओळ आहे, आजोबांच्या अक्षरात: ‘४ वाजता चहा. वारा भरपूर.’

जाता जाता एक कोडं. जिन्यातला दिवा खालच्या बटणानं लावायचा आणि वर जाऊन वरच्या बटणानं मालवायचा, असं तुम्ही पाहिलंच असेल. दिवा एक, बटणं दोन. वायरी कशा जोडल्या असतील? चित्र काढून पाहा. कागदावरच हं! उत्तर पुढच्या आठवड्यात.